एकूण ठेवींचा आकडा, अडलेले काउंटर आणि दहा लाखांची सूट

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समज चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. तुमची नागरी सहकारी बँक आहे, तीस शाखा, साधारण तीन लाख खाती, सुमारे ९०० कोटींच्या ठेवी, मागे एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस. महाव्यवस्थापकांना दर तासाला एकूण ठेवींचा आकडा लागतो. तो काढणारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) पाच मिनिटे चालते, रिपोर्ट लिहिणाऱ्याने तिच्यावर सिरियलायझेबल लेव्हल, म्हणजे सगळे व्यवहार जणू एकामागोमाग एक झाले असेच उत्तर देणारी सर्वांत कडक पातळी, लावून ठेवली आहे आणि त्या पाच मिनिटांत काउंटरवरचे पैसे भरणे-काढणे अडकून पडते. तुमचा एक सहकारी म्हणतो, नोलॉक (कुणाचाही लॉक न पाळता वाचणे) टाका आणि मोकळे व्हा. तुम्ही मात्र मर्यादित विसंगती चालवून घेणाऱ्या पद्धतींबद्दल, म्हणजे एप्सिलॉन सिरियलायझेबिलिटीबद्दल वाचलेत आणि विचारताय की दहा लाखांपर्यंतची चूक चालवून घेतली तर वेग खरोखर किती वाढेल.

मी एकवीस वर्षे सहकारी बँका आणि पतसंस्थांचे डेटाबेस सांभाळतो आहे. हा प्रश्न मला इतक्या नेमक्या शब्दांत क्वचितच कुणी विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. वेगाचा एकच आकडा मी तुम्हाला देऊ शकणार नाही. तो तुमची क्वेरी किती वेळ चालते, त्या वेळात किती रुपयांची उलाढाल होते आणि तुमचा सर्व्हर आत्ता नेमका कशामुळे थांबतोय, यावर ठरतो. पण हा हिशोब तुम्हाला कागदावर करता येतो. तो कसा करायचा ते सांगणे हाच या उत्तराचा गाभा आहे.

आधी अडकते का ते पाहू. सिरियलायझेबलमध्ये क्वेरी जी ओळ वाचते तिच्यावरचा शेअर्ड लॉक (इतरांना वाचू देणारा, पण लिहू न देणारा) व्यवहार, म्हणजे एकत्रच पुरे किंवा रद्द होणारे डेटाबेसचे काम, संपेपर्यंत सोडत नाही. शिवाय एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका स्टेटमेंटने एकाच टेबलवर सुमारे पाच हजार लॉक धरले की तो ते सगळे मिळून आख्ख्या टेबलचा एक लॉक करायला बघतो. तुमची क्वेरी तीन लाख ओळी वाचते, म्हणजे तो टप्पा ती पहिल्या काही सेकंदांतच ओलांडते. तिथून पुढे खात्यांच्या टेबलमध्ये लिहू पाहणारा प्रत्येक काउंटर रांगेत. तुम्ही जे पाहताय ते हेच असणार.

यामागचे गणित जुने आहे. टे, गुडमन आणि सूरी यांनी १९८५ मध्ये लॉकिंगच्या कामगिरीचे एक मॉडेल मांडले. एका व्यवहारात सरासरी के लॉक, एका वेळी एन व्यवहार आणि एकूण डी वस्तू असतील, तर केचा वर्ग गुणिले एन भागिले डी ही संख्या साधारण दीडच्या पुढे गेली की थ्रॅशिंग सुरू होते, म्हणजे आणखी व्यवहार आत घेतले तर थ्रूपुट (सेकंदाला किती व्यवहार पूर्ण होतात ते) वाढायच्या ऐवजी घसरते. तुमच्या साध्या काउंटर व्यवहारात आठ लॉक धरा, एका वेळी साठ व्यवहार आणि तीन लाख खाती. उत्तर ०.०१च्या आसपास येते, म्हणजे काळजी नाही. पण केचा वर्ग आहे हे विसरू नका. त्या गर्दीत तीन लाख लॉक मागणारी एकच क्वेरी सोडली की सगळा समतोल जातो. चूक चालवून घेणाऱ्या सगळ्या पद्धती मुळात एवढेच करतात: लांबलचक वाचन करणाऱ्याला लिहिणाऱ्यांच्या रांगेतून बाहेर काढतात.

आता नोलॉकबद्दल. ही सूटच आहे, फक्त तिला मर्यादा नाही. अजून कमिट (पक्की) न झालेली रक्कम त्यात मोजली जाते. पगाराची फाइल अर्धी पोस्ट होऊन रोलबॅक झाली (मागे फिरवली गेली), तरी ते पैसे तुमच्या आकड्यात येऊन गेलेले असतात. त्याहून वाईट म्हणजे वाचन चालू असताना पेज (ओळी साठवण्याचा कप्पा) फुटून ओळी इकडच्या तिकडे गेल्या, तर एखादी ओळ दोनदा मोजली जाते किंवा मोजायचीच राहते. आकडा किती रुपयांनी चुकू शकतो याला वरची सीमाच नसते. बँकेच्या एकूण ठेवींसाठी मी तो कधीही वापरणार नाही आणि तुम्हीही वापरू नका.

मग फक्त कमिट झालेलेच वाचणारी नेहमीची रीड कमिटेड लेव्हल ठेवली तर? इथे बरेच जण फसतात. लॉकवर चालणाऱ्या रीड कमिटेडमध्ये ओळ वाचून झाली की शेअर्ड लॉक लगेच सुटतो, त्यामुळे काउंटर अडत नाहीत. पण आकडा बरोबर येतो असे अजिबात नाही. एका बँकेत दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात उपव्यवस्थापक आणि मी डॉट मॅट्रिक्सच्या दोन प्रिंट शेजारी ठेवून बसलो होतो. एकीवर खात्यांची बेरीज, दुसरीवर जीएलची (जनरल लेजर, म्हणजे बँकेची मुख्य खतावणी) शिल्लक, आणि दोन्हींत चाळीस हजारांचा फरक. पेन्सिलने एकेक शाखा टिक करत गेलो. प्रत्येक खाते बरोबर, प्रत्येक व्हाउचर बरोबर, फरक मात्र जाईना. शेवटी व्यवहारांच्या वेळा काढल्या तेव्हा उलगडा झाला. दुपारी रिपोर्ट चालू असताना एका ग्राहकाने आपल्या बचत खात्यातून मुलाच्या खात्यात चाळीस हजार वळते केले होते. रिपोर्टने वडिलांचे खाते आधी वाचले, तेव्हा पैसे तिथे होते. मग ट्रान्सफर झाली. मग रिपोर्ट मुलाच्या खात्यापाशी पोहोचला, तेव्हा पैसे तिथेही होते. तेच चाळीस हजार दोनदा मोजले गेले. ट्रान्सफर उलट दिशेने झाली असती तर आकडा तितकाच कमी आला असता. कुणाचीही चूक नव्हती. त्या रीड कमिटेड लेव्हलने ती सूट आम्हाला न विचारता दिली होती.

आता एप्सिलॉन सिरियलायझेबिलिटीचे वेगळेपण कळेल. कॅल्टन पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलंबिया विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती मांडली. विचार असा की चूक होऊ द्यायची, पण प्रत्येक चूक किती रुपयांची ते मोजायचे. वाचणाऱ्या क्वेरीला एक आयात मर्यादा द्यायची, म्हणजे ती बाहेरून जास्तीत जास्त किती रुपयांची विसंगती आत घेऊ शकते. लिहिणाऱ्या व्यवहाराला निर्यात मर्यादा द्यायची, म्हणजे तो इतरांच्या उत्तरात किती विसंगती ढकलू शकतो. जिथे लॉक आडवा आला असता तिथे सिस्टिम विचारते, या बदलाची रक्कम दोघांच्या उरलेल्या मर्यादेत बसते का? बसत असेल तर जाऊ द्या आणि तेवढी वजा करा. बसत नसेल तर नेहमीसारखे थांबवा. मर्यादा शून्य ठेवली की ती साधी सिरियलायझेबलच होते.

या पद्धतीच्या कामगिरीवर मोहन कामत आणि कृती रामामृतम यांनी १९९३ मध्ये काम केले. रामामृतम तेव्हा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात होते, पुढे पवईला आयआयटी मुंबईत आले. त्यांनी मर्यादा उतरंडीने दिल्या. खाली एकेका वस्तूवर, मध्ये गटांवर आणि वर पूर्ण व्यवहारावर. तपासणी खालून वर होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एका खात्यापुरती किती, एका शाखेपुरती किती आणि एकूण किती. टाइमस्टॅम्प ऑर्डरिंगवर (व्यवहारांना वेळेचा शिक्का देऊन त्या क्रमाने चालवणे) चालणारा नमुना बांधून त्यांनी मोजमाप केले आणि त्यात मर्यादा सैल केली की थ्रॅशिंगचा बिंदू पुढे सरकतो असे दिसले. म्हणजे एका वेळी जास्त व्यवहार आत घेऊनही थ्रूपुट घसरत नाही.

या निष्कर्षाकडे मी जरा जपून बघतो. बिंदू पुढे सरकतो याचा अर्थ असा की त्या बिंदूच्या जवळपास असाल तरच फायदा दिसेल. तुमचा सर्व्हर त्याच्या बराच अलीकडे असेल, तर सूट दिली काय आणि नाही दिली काय, आलेख एकमेकांवर पडतात. अग्रवाल, केरी आणि लिव्हनी यांचे १९८७चे काम इथे फार उपयोगी पडते. लॉकिंग चांगले की आशावादी (आधी चालू देऊन शेवटी टक्कर तपासणारी) पद्धत चांगली, यावर निरनिराळे अभ्यास परस्परविरोधी उत्तरे का देतात याचा त्यांनी छडा लावला. सीपीयू आणि डिस्क मर्यादित असतील तर थांबवणारी पद्धत बरी पडते, कारण रद्द करून पुन्हा चालवलेले काम ती साधने वाया घालवते. साधने भरपूर असतील तर पुन्हा चालवणे परवडते. आपल्या प्रश्नाला हेच लावा. लॉकवर आधारलेल्या पद्धतीत सूट दिली की वाट पाहणे वाचते, टाइमस्टॅम्पवर आधारलेल्या पद्धतीत रद्द होणे वाचते. तुमची अडचण डिस्कची असेल तर पहिल्या प्रकारात हाती जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून सूट किती हे ठरवायच्या आधी वेट स्टॅट्स (सर्व्हर कशाची किती वाट पाहतो त्याची आकडेवारी) काढा. लॉकची वाट पाहण्यात गेलेला वेळ जास्त आहे की पेज डिस्कवरून येण्याची वाट पाहण्यात गेलेला? दुसरा जास्त असेल तर हे सगळे बाजूला ठेवून आधी इंडेक्स (हवे ते पटकन शोधून देणारी सूची) आणि मेमरी बघा.

समजा अडचण लॉकचीच आहे. आता तुमच्या दहा लाखांचा हिशोब करू. ९०० कोटींवर दहा लाख म्हणजे सुमारे ०.०११ टक्के. महाव्यवस्थापक आकडा कोटीत वाचत असतील तर त्यांना तो फरक जाणवणारही नाही. सूट पुरेशी वाटते ना? पण समजा तुमच्याकडे सेकंदाला पाच व्यवहार होतात आणि सरासरी रक्कम पाच हजार आहे. म्हणजे सेकंदाला पंचवीस हजारांचे बदल आणि पाच मिनिटांत पंचाहत्तर लाखांचे. हे सगळेच क्वेरीच्या हिशोबात येत नाहीत. क्वेरीने जे खाते आधीच वाचले आहे त्यात बदल झाला तरच तो तिच्या आयातीत धरला जातो. सुरुवातीला तिने जवळजवळ काहीच वाचलेले नसते, शेवटी जवळजवळ सगळे वाचलेले असते. सरासरी निम्मे धरा. म्हणजे पाच मिनिटांत आयात होते साडेसदतीस लाख.

तुमची दहा लाखांची मर्यादा त्यात कधी संपेल? आयात वेळेच्या वर्गाने वाढते, कारण वाचलेल्या खात्यांचा वाटाही वेळेबरोबर वाढत जातो. गणित केले तर साधारण १५५व्या सेकंदाला दहा लाख पूर्ण होतात. म्हणजे पहिली अडीच मिनिटे काउंटर मोकळे आणि पुढची जवळजवळ अडीच मिनिटे, वाचून झालेल्या खात्यांवर लिहायला आलेला प्रत्येक जण पुन्हा रांगेत. अर्धा त्रास गेला, अर्धा राहिला. चाळीस लाखांची सूट दिलीत तर सगळा जाईल. ती द्यायची का हा प्रश्न डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) सोडवायचा नाही, ज्याच्या टेबलावर तो आकडा जातो त्याला विचारायचा.

याच गणिताची दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. क्वेरी पाच मिनिटांऐवजी एका मिनिटात संपली तर? पंचवीस हजार गुणिले साठ, त्याचे निम्मे, म्हणजे साडेसात लाख. तुमच्या दहा लाखांत आरामात बसते. पद्धत न बदलता, मर्यादा न वाढवता, फक्त शिल्लक आणि शाखा या दोन रकान्यांवर नीट इंडेक्स टाकून क्वेरी लहान केली की तीच सूट पुरेशी होते. मी जिथे जिथे हे काम केले तिथे पहिली खरी सुधारणा क्वेरी छोटी करण्यातूनच आली. सूट हे नंतरचे औषध आहे.

सरासरीवर विसंबू नका हेही सांगतो. तुमच्या भागात साखर कारखाना असेल तर ऊसबिलाची फाइल आठवा. एका बटणावर हजारो शेतकऱ्यांच्या खात्यांत रकमा जमा होतात. त्या दहा मिनिटांत सेकंदाला पंचवीस हजारांचा तुमचा प्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि दहा लाखांची मर्यादा काही सेकंदांत संपते. किंवा कारखान्याच्याच खात्यावरून एक मोठी आरटीजीएस जाते आणि एकटीच मर्यादा ओलांडते. उतरंडीच्या मर्यादांचा खरा उपयोग मला इथे दिसतो. चालू खात्यांचा गट वेगळा, बचत खात्यांचा वेगळा, म्हणजे एका बड्या व्यवहारामुळे सगळ्या बचत खातेदारांना थांबावे लागत नाही. बॅच पोस्टिंग आणि हा रिपोर्ट मुळात एका वेळी चालूच नयेत अशी वेळ लावून देणे तर त्याहून सोपे.

या हिशोबातली आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर आणा. मघाची चाळीस हजारांची ट्रान्सफर घ्या. समजा रिपोर्टने वडील आणि मुलगा दोघांचीही खाती आधीच वाचून ठेवली आहेत आणि त्यानंतर ट्रान्सफर झाली. रिपोर्टचा आकडा पूर्ण बरोबर आहे, कारण त्याने दोन्ही खाती ट्रान्सफरच्या आधीची पाहिली. पण मोजणारी यंत्रणा दोन संघर्ष पाहते आणि चाळीस अधिक चाळीस असे ऐंशी हजार वजा करते. म्हणजे नोंदलेली विसंगती ही वरची हमी असते, प्रत्यक्षातली चूक बहुतेक वेळा त्याहून बरीच कमी असते. भरणे आणि काढणे एकमेकांना छेदतात, ते ती यंत्रणा धरत नाही. त्यामुळे मर्यादा खऱ्या गरजेपेक्षा आधी संपते आणि कागदावर दिसणारा फायदा हातात थोडा कमीच पडतो. शिवाय ही मोजदाद फुकट नाही. प्रत्येक संघर्षाला मोजणीचा एक आकडा वाढवायचा, तोही सगळ्यांनी मिळून. तो आकडा स्वतःच गर्दीची जागा होऊ शकतो. आणि हे फक्त आकड्यांना चालते. दोन शिलकांमधले अंतर रुपयांत सांगता येते, पण खाते 'चालू' आणि 'गोठवलेले' यांत अंतर किती? केवायसीची स्थिती, सहीचा नमुना, वारसाचे नाव, इथे थोडी चूक असे काही नसते. तिथे सूट द्यायचीच नाही.

इथवरचे एका वाक्यात: क्वेरीच्या वेळात होणारी उलाढाल, तिचे निम्मे, ते मर्यादेत बसते का ते बघा, बसत असेल तर काउंटर मोकळे, नसेल तर मर्यादा संपल्यावर पुन्हा तीच रांग.

आता तुम्ही विचाराल की एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे एप्सिलॉन कुठे लिहायचे. कुठेच नाही. ती सोय त्यात नाही. आणि वाचणाऱ्या क्वेरींपुरते तुम्हाला तिची गरजही नाही, कारण २००५च्या आवृत्तीपासून त्यात स्नॅपशॉट आहे. स्नॅपशॉटमध्ये लिहिणारा ओळ बदलतो तेव्हा जुनी प्रत टेम्पडीबी या तात्पुरत्या डेटाबेसमधल्या व्हर्जन स्टोअरमध्ये राहते आणि तुमचा रिपोर्ट सुरू झाला त्या क्षणाची प्रत वाचतो. काउंटर थांबत नाही, रिपोर्टही थांबत नाही. आणि आकडा एक रुपयानेही चुकत नाही. तो फक्त पाच मिनिटे जुना असतो. चूक रुपयांमधून काढून वेळेत टाकली, असे मी हे समजावतो. रिपोर्टच्या माथ्यावर 'दुपारी १२ वाजताची स्थिती' असे छापा, म्हणजे वाचणाऱ्यालाही नेमके काय हातात आहे ते कळते आणि जीएलशी ताळा घेताना त्याच क्षणाची जीएल काढता येते.

याची किंमत असते. बदललेल्या प्रत्येक ओळीला चौदा बाइटचा दुवा जोडला जातो आणि टेम्पडीबीवर लिहिण्याचा भार वाढतो. रिपोर्ट जितका लांब तितक्या जुन्या प्रती साठत जातात. इतर डेटाबेसमध्येही हीच किंमत वेगळ्या नावाने मोजावी लागते. पोस्टग्रेसमध्ये जुना स्नॅपशॉट उघडा राहिला की व्हॅक्युम या सफाईच्या कामाला मेलेल्या ओळी काढता येत नाहीत आणि टेबल फुगते. ओरॅकलमध्ये 'स्नॅपशॉट टू ओल्ड' म्हणून क्वेरीच मोडते. म्हणजे इथेही लहान क्वेरीच वाचवते.

चालू करताना दोन स्वतंत्र पर्याय आहेत, त्यांची गल्लत करू नका. एकाने सगळ्या रीड कमिटेड वाचनांचे वागणे बदलते. दुसऱ्याने फक्त जो मागेल त्याला स्नॅपशॉट मिळतो. कोअर बँकिंगचे सॉफ्टवेअर विक्रेत्याचे असेल तर दुसरा घ्या आणि तो फक्त रिपोर्टच्या सेशनमध्ये वापरा. पहिल्याने कधी कधी असा कोड मोडतो जो नकळत ब्लॉकिंगवर विसंबून होता. उदाहरणार्थ ट्रिगरमध्ये (बदल झाला की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) दुसऱ्या टेबलची शिल्लक तपासून व्यवहाराला परवानगी देणारा. आधी तो समोरचा व्यवहार संपेपर्यंत थांबायचा, आता जुनी प्रत वाचून पुढे जातो.

याच कारणाने लिहिणाऱ्या व्यवहारांना स्नॅपशॉट देताना मी फार जपतो. एकाच ग्राहकाची दोन खाती आणि दोन्ही मिळून किमान दहा हजार शिल्लक हवी, असा नियम धरा. प्रत्येकात आठ हजार आहेत. दोन काउंटरवरून एकाच वेळी सहा-सहा हजार काढले. दोघांनीही स्नॅपशॉटमध्ये सोळा हजार पाहिले, दोघांनाही दहा हजार उरतील असे वाटले, दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या म्हणून कुणाची टक्कर झाली नाही. उरले चार हजार. ही विसंगती कुठल्याही मर्यादेत नाही आणि ती कायमची डेटाबेसमध्ये बसली. वाचणाऱ्याची चूक कागदावर राहते, लिहिणाऱ्याची चूक खात्यात राहते. हा फरक मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यात समजावतो. अशा तपासणीच्या वेळी दोन्ही ओळींवर अपडेट लॉक (एका वेळी एकालाच मिळणारा) घेऊन मगच शिल्लक वाचा.

आता तुम्ही न विचारलेली, पण तुमच्याकडे बहुधा असलेली एक जागा. रिपोर्ट दुरुस्त केल्यावरही काउंटर मधूनमधून अडत असतील तर जीएलच्या 'बचत ठेवी' या शीर्षाची ओळ तपासा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहार ती एकच ओळ वाढवतो किंवा कमी करतो आणि कमिट होईपर्यंत तिचा लॉक धरून ठेवतो. लॉक पाच मिलिसेकंद धरला तर सेकंदाला दोनशे व्यवहार ही तुमची कमाल झाली, मग सर्व्हर कितीही मोठा घ्या. आणि कुणी त्या व्यवहाराच्या आतच एसएमएस पाठवायचा कॉल टाकला असेल आणि तो तीनशे मिलिसेकंद घेत असेल, तर सेकंदाला जेमतेम तीन. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. तो कॉल व्यवहाराच्या बाहेर काढला त्या दुपारपासून फोन यायचे थांबले.

मर्यादित विसंगतीचा विचार लिहिणाऱ्यांसाठी खरा फळतो तो इथे. पॅट्रिक ओनील यांनी १९८६ मध्ये एस्क्रो पद्धत मांडली. ओळीवर लॉक धरण्याऐवजी तिची किंमत कोणत्या दोन टोकांच्या मधे आहे तेवढे लक्षात ठेवायचे. समजा शिल्लक शंभर आहे आणि तीस व पन्नास काढणारे दोन व्यवहार अजून कमिट झालेले नाहीत. खरी शिल्लक वीस ते शंभर यांमध्ये कुठेतरी आहे. पंधरा मागणारा तिसरा आला तर त्याला थांबवायची गरज नाही, वाईटात वाईट झाले तरी पाच उरतात. चाळीस मागणारा आला तर त्याला थांबवा, कारण दोघेही कमिट झाले तर पैसे पुरणार नाहीत. आकडा नेमका माहीत नाही, पण नियम मोडत नाही एवढे नक्की माहीत आहे. ओरॅकलच्या २३एआय आवृत्तीत रकाना 'रिझर्व्हेबल' म्हणून जाहीर करता येतो, त्यामागे हाच विचार आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तो नाही, म्हणून मी शीर्षाच्या एका ओळीच्या सोळा ओळी करतो आणि प्रत्येक काउंटरला त्यातली एक ठरवून देतो. एकूण हवी तेव्हा सोळांची बेरीज स्नॅपशॉटमध्ये. गर्दी सोळा ठिकाणी वाटली जाते. जिथे शिल्लक शून्याखाली जाऊ नये अशी अट आहे तिथे प्रत्येक ओळीला आपला वाटा ठरवून द्या आणि तो संपला तरच शेजारच्या ओळीकडून घ्या.

दुसऱ्या सर्व्हरवर प्रत ठेवायची तुमची तयारी असेल तर रिपोर्ट तिकडेच हलवा. ऑलवेज ऑन या एसक्यूएल सर्व्हरच्या प्रती ठेवण्याच्या सोयीतल्या वाचनीय दुय्यम प्रतीवर वाचन आपोआप स्नॅपशॉटमध्येच चालते. मग उरतो एकच प्रश्न, ती प्रत किती मागे आहे. तो आकडा सेकंदांत काढून रिपोर्टवर छापा आणि ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मागे असेल तर रिपोर्ट चालवूच नका.

तुमच्या जागी मी असतो तर या क्रमाने गेलो असतो. सोमवारी सकाळी दहा ते बारा वेट स्टॅट्स घेतले असते, कारण आठवड्यातली गर्दीची वेळ तीच. सिरियलायझेबल काढायच्या आधी इंडेक्स टाकून क्वेरी एका मिनिटाच्या आत आणली असती. मग डे-एंड (दिवसअखेरचे काम) झाल्यावर मागेल त्यालाच मिळणारा स्नॅपशॉट चालू करून रिपोर्ट त्यात हलवला असता आणि आठवडाभर टेम्पडीबीची वाढ रोज संध्याकाळी वहीत लिहिली असती. जीएलच्या ओळीला हात त्यानंतर. महाव्यवस्थापकांना मात्र आजच विचारा की त्यांना आकडा आत्ताचा हवा आहे की बरोबर हवा आहे, आणि पाच मिनिटे जुना पण पैशापैशाने जुळणारा चालेल का. मी आजवर ज्यांना ज्यांना हे विचारले त्या सगळ्यांनी जुळणारा मागितला. वेट स्टॅट्सचे आकडे आले की इथेच टाका, सोबत क्वेरी आणि टेबलवरचे सध्याचे इंडेक्सही द्या. मी बघतो.